आधी हाड, मग दात

२०२१ च्या मे महिन्यात इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात, म्हणजे माळव्यात सर्वतोमुखी असलेल्या ‘एमवाय’मध्ये, म्युकरमायकोसिसच्या रुग्णांसाठी एकामागून एक कक्ष उघडावे लागले. कोविडमधून नुकतेच उठलेले, बहुतांशी मधुमेही आणि उपचारात स्टिरॉइड घेतलेले हे रुग्ण इंदूर शहराबरोबरच माळवा आणि निमाडच्या जिल्ह्यांतून येत होते. कुणाचा गाल सुजलेला, कुणाच्या डोळ्याची पापणी ओघळलेली, कुणाचे वरचे धडधाकट दात एकाएकी हलू लागलेले, तर कुणाच्या टाळूवर काळा डाग उमटलेला. त्या वर्षीच्या जुलैपर्यंत देशभरातील नोंद झालेल्या रुग्णांची संख्या ४५ हजारांवर गेली आणि ४३०० हून अधिक जण दगावले. जे वाचले, त्यांच्यापैकी अनेकांचा वरचा जबडा अर्धा किंवा संपूर्ण काढून टाकावा लागला.

जीव वाचला, पण जगणे सुरळीत झाले नाही. वरचा जबडा म्हणजे केवळ दातांची रांग नव्हे. तो तोंड आणि नाक यांच्यामधला पडदा आहे, गालाचा आधार आहे आणि डोळ्याच्या खोबणीचा तळही आहे. तो गेला की पाण्याचा घोट नाकातून बाहेर येतो, बोलणे अनुनासिक होऊन ऐकणाऱ्याला उमगत नाही, चेहऱ्याची एक बाजू आत बसते. सकाळ पोहे-जिलबीने उजाडणाऱ्या आणि रात्र सराफ्यातल्या खाऊगल्लीत मावळणाऱ्या शहरात माणसाने पातळ खिमटीवर दिवस काढायचे आणि चारचौघांत बोलायचे टाळायचे, ही शिक्षा लहान नाही.

अशा रुग्णांना पुन्हा दात कसे द्यायचे, हा प्रश्न दंतवैद्यकातील सर्वांत अवघड प्रश्नांपैकी एक आहे. त्याचे उत्तर समजून घेतले, तर पणजी-मडगावच्या दवाखान्यात एका दाढेच्या जागी इम्प्लांट बसवून घेणाऱ्या माणसालाही ‘आधी हाड भरावे लागेल’ असे डॉक्टर का म्हणतात, ते उमगते. दोन्ही ठिकाणी नियम एकच आहे. हाड रक्तावर जगते आणि दात हाडावर उभा राहतो.

कवळी, ब्रिज आणि इम्प्लांट

गेलेल्या दाताची भरपाई करण्याचे तीन मार्ग आहेत. कवळी हिरडीवर टेकते. तिला हाडाची पकड नसते, त्यामुळे चावण्याचे बळ बरेच घटते आणि हाड झिजत गेले की ती सैल होते. ब्रिजमध्ये रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात तासून त्यांवर पूल बांधला जातो. हा पूल चांगला टिकतो, पण शेजारचे निरोगी दात त्यासाठी कायमचे कमी करावे लागतात. शिवाय पुलाखालचे हाड रिकामेच राहते आणि झिजतच जाते.

तिसरा मार्ग इम्प्लांटचा. नैसर्गिक दाताला मूळ असते. इम्प्लांट हे त्या मुळाचे काम करणारे टायटॅनियमचे स्क्रूसारखे रोपण असते. सामान्यतः त्याचा व्यास साडेतीन ते पाच मिलिमीटर आणि लांबी आठ ते तेरा मिलिमीटर असते. ते जबड्याच्या हाडात बसवतात, त्यावर एक जोडभाग आणि त्यावर दाताची टोपी, म्हणजेच कॅप. बाहेरून दिसते ती केवळ टोपी. सारा भार पेलतो तो हिरडीखालचा, डोळ्यांना न दिसणारा भाग.

या उपचाराची कथा सुरू होते ती दंतवैद्यकाच्या बाहेर. स्वीडनमधील लुंड येथे १९५२ च्या सुमारास पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक सशांच्या हाडातील रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी त्यांनी हाडात टायटॅनियमची एक छोटी दर्शिका बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती काढायला गेले, तर निघेना. हाडाच्या पेशी धातूला थेट बिलगून वाढल्या होत्या. मध्ये सैल तंतूंचा थरही उरला नव्हता. हाड आणि टायटॅनियम यांच्या या एकजिवाला पुढे ‘ऑसिओइंटिग्रेशन’ हे नाव मिळाले. १९६५ मध्ये ब्रोनेमार्क यांनी यॉस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात अशी रोपणे बसवली. लार्सन २००६ मध्ये निवर्तले, तोवर ती चाळीस वर्षे काम देत होती. तरीही दंतवैद्यकाचे जग साशंकच होते. १९८२ मध्ये कॅनडातील टोरोंटो येथे झालेल्या परिषदेनंतर या पद्धतीला व्यापक मान्यता मिळाली.

रक्तप्रवाह पाहण्यासाठी केलेल्या प्रयोगातून हा शोध लागला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. इम्प्लांट हाडात ठोकल्याने घट्ट होत नाही. पहिल्या दिवशी ते लाकडात बसलेल्या स्क्रूसारखे केवळ आवळलेले असते. पुढल्या काही आठवड्यांत त्याच्या कडेचे थोडे हाड शोषले जाते, रक्तवाहिन्या आत शिरतात आणि नवे हाड धातूवर चढू लागते. या मधल्या काळात पकड काहीशी ढिलीही होते. म्हणून परंपरेने खालच्या जबड्यात सुमारे तीन आणि वरच्या जबड्यात सुमारे सहा महिने थांबण्याची रीत पडली. आजच्या खरबरीत पृष्ठभागाच्या रोपणांनी हा काळ कमी केला असला, तरी तो नाहीसा केलेला नाही.

हाड किती नाजूक असते, याचा एक पुरावा स्वीडनमधल्याच संशोधनाने दिला. छिद्र पाडताना हाडाचे तापमान ४७ अंश सेल्सिअसवर एक मिनिट राहिले, तरी हाडाला इजा पोहोचते. म्हणूनच इम्प्लांटसाठी छिद्र घेताना वेग मर्यादित ठेवतात आणि थंड सलाइनची धार सोडत राहतात. घाईने घेतलेले छिद्र त्या दिवशी अगदी सुबक दिसते. पण भाजलेल्या हाडात रोपण रुजत नाही.

दात गेला की हाडही जाते

जबड्याच्या ज्या कण्यात दातांची मुळे रुतलेली असतात, ते हाड दातांसाठीच जन्मते आणि दातांबरोबरच ओसरते. चावण्याचा दाब मुळांवाटे हाडापर्यंत पोहोचतो, तोवर हाड स्वतःची डागडुजी करत राहते. दात काढला की हा दाब थांबतो आणि शरीर ते हाड अनावश्यक समजून शोषू लागते. दात काढल्यानंतरच्या पहिल्या वर्षात त्या जागेची रुंदी जवळजवळ निम्म्याने घटू शकते. त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. ओठाच्या आणि गालाच्या बाजूची भिंत मुळातच पातळ असल्याने ती आधी ढासळते.

आता साधे गणित पाहावे. चार मिलिमीटर व्यासाच्या इम्प्लांटभोवती सर्व बाजूंनी किमान एक ते दीड मिलिमीटर हाड हवे. म्हणजे कण्याची रुंदी सहा-सात मिलिमीटर तरी असायला हवी. शेजारच्या दातापासून दीड मिलिमीटर आणि दोन इम्प्लांटमध्ये तीन मिलिमीटर अंतर राखावे लागते. खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते. तिच्यापासून दोन मिलिमीटर दूर राहावे लागते, नाहीतर ओठ आणि हनुवटी बधिर होण्याचा धोका असतो. दहा वर्षांपूर्वी दाढ काढून टाकलेल्या आणि ‘एका दाताने काय बिघडते’ म्हणून तशीच ठेवलेल्या जागेत ही सारी मापे बसत नाहीत. इथे हाड भरण्याचा प्रश्न उभा राहतो.

ही मापे घेण्यासाठी साधा एक्स-रे पुरत नाही, कारण तो जाडी दाखवत नाही. कोन-बीम सीटी या तपासणीत जबड्याचे तिन्ही मितींतले चित्र मिळते. हाड किती रुंद, किती उंच, नस नेमकी कुठून जाते, सायनसचा तळ कुठे आहे, हे शस्त्रक्रियेपूर्वीच कळते.

हाड कुठून आणायचे

अस्थिरोपणाला दवाखान्यात ‘ग्राफ्ट’ म्हणतात. मराठीत याच अर्थाचा जुना शब्द आहे कलम. मानकुराद आंब्याचे कलम करणाऱ्या गोव्यातल्या बागायतदाराला या उपचाराचे मर्म चटकन कळेल. फरक एवढाच की आंब्याच्या कलमात दोन्ही बाजू जिवंत असतात, तर जबड्यात भरले जाणारे हाड पुष्कळदा निर्जीव असते. ते स्वतः वाढत नाही. रुग्णाच्या हाडाला वाढण्यासाठी ते जागा धरून ठेवते.

चांगल्या कलमाकडून तीन कामांची अपेक्षा असते. पहिले, त्यात हाड तयार करणाऱ्या जिवंत पेशी असाव्यात. दुसरे, आजूबाजूच्या पेशींना ‘हाड बना’ असा संदेश देणारी द्रव्ये असावीत. तिसरे, दोडकीच्या वेलाला मांडव लागतो, तसा नव्या हाडाला चढायला आधार मिळावा. यातल्या दुसऱ्या कामाचा शोध अमेरिकेतील मार्शल युरिस्ट यांनी लावला. त्यांनी हाडातील क्षार काढून उरलेला भाग स्नायूत ठेवला, तर तिथेही हाड तयार झाले. तेही १९६५ सालीच, ब्रोनेमार्क यांनी पहिला रुग्ण हाताळला त्याच वर्षी.

तिन्ही कामे एकटे करते ते रुग्णाचे स्वतःचे हाड. थोडे हवे असेल तर ते हनुवटीतून किंवा अक्कलदाढेच्या मागच्या भागातून घेतात. जास्त हवे असेल तर कमरेच्या हाडातून. त्याचा तुकडा छोट्या स्क्रूंनी जबड्यावर घट्ट बसवतात आणि चार-सहा महिने थांबतात. उणीव अशी की दुसऱ्या ठिकाणी जखम करावी लागते आणि हनुवटीजवळ काही काळ बधिरपणा राहू शकतो.

दुसरा प्रकार दात्याच्या हाडाचा. असे हाड प्रक्रिया करून, सुकवून आणि निर्जंतुक करून पेढीत साठवले जाते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाची ऊतीपेढी १९८८ पासून हे काम करते आहे. तिसरा प्रकार प्राण्यांच्या हाडाचा. गाईच्या हाडातील सर्व सेंद्रिय भाग काढून उरलेल्या खनिज सांगाड्याचे दाणे जगभर वापरले जातात. हे दाणे फार सावकाश विरघळतात, त्यामुळे भरलेली जागा टिकून राहते. चौथा प्रकार कृत्रिम दाण्यांचा, कॅल्शियम फॉस्फेटच्या निरनिराळ्या रूपांचा. पेशी किंवा संदेश त्यांच्याकडे नसतो; ते केवळ मांडवाचे काम करतात.

इथे एक गोष्ट रुग्णाने स्वतःहून विचारायला हवी. भरले जाणारे द्रव्य कशापासून बनवले आहे? काही दाणे गाईच्या हाडाचे असतात, तर काही पडदे डुकराच्या कोलाजेनचे. ज्यांना धार्मिक किंवा वैयक्तिक कारणांनी हे नको असेल, त्यांच्यासाठी स्वतःचे हाड किंवा कृत्रिम दाणे हे पर्याय उपलब्ध आहेत. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी हा प्रश्न विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही, आणि त्याचे सरळ उत्तर देणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे.

दाणे भरले म्हणजे काम संपले, असेही नाही. तोंडातल्या जखमेत हिरडीच्या पेशी झपाट्याने वाढतात आणि हाडाच्या पेशी सावकाश. मोकळे सोडले तर हिरडी आधी पोहोचून सगळी जागा बळकावते. म्हणून दाण्यांवर पातळ पडदा टाकतात. खाजन शेतीत बांध जसा खारे पाणी थोपवतो आणि आतल्या भाताला वाढू देतो, तसा हा पडदा हिरडीला बाहेर थोपवतो आणि आत हाडाला अवधी देतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्येच या तत्त्वावर प्रयोग झाले. काही पडदे आपोआप विरघळतात, काही नंतर काढावे लागतात. बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते. तसेच हिरडीची शिवण उसवून पडदा उघडा पडला की आतल्या हाडाला जंतूंची लागण होते. या उपचारातील अपयशाचे हे एक नेहमीचे कारण आहे.

अलीकडे रुग्णाचे रक्त काढून, ते यंत्रात फिरवून त्याचा जेलीसारखा घट्ट थर वेगळा करतात आणि जखमेत ठेवतात. फ्रान्समधील जोसेफ शुकरून यांनी २००१ मध्ये ही पद्धत पुढे आणली. ‘पीआरएफ’ या नावाने ती आज अनेक दवाखान्यांत वापरली जाते. हिरडीची जखम भरण्यास तिची मदत होते. पण मोठी हाडाची उणीव ती एकटी भरून काढत नाही. जाहिरातीत ती हाडाचा पर्याय म्हणून दाखवली जात असेल, तर तिथे सावध असावे.

सायनसचा तळ उचलताना

वरच्या दाढांची अडचण वेगळी आहे. त्यांच्या मुळांच्या वर सायनस नावाची हवेची पोकळी असते. दाढा गेल्या की खालून हाड झिजते आणि वरून पोकळी खाली उतरते. दोन्हीकडून कुरतडले गेलेले हाड कधी कधी अवघे दोन-तीन मिलिमीटर उरते. अशा जागी आठ-दहा मिलिमीटरचे इम्प्लांट बसवले, तर त्याचे टोक पोकळीत जाईल.

यावर उपाय म्हणजे सायनस लिफ्ट. सायनसच्या आत अंड्याच्या कवचाखालच्या पापुद्र्यासारखे पातळ अस्तर असते. गालाच्या बाजूने हाडाला छोटी खिडकी पाडून ते अस्तर न फाटू देता अलगद वर सरकवतात आणि खाली मोकळ्या झालेल्या जागेत हाडाचे दाणे भरतात. अमेरिकेतील हिल्ट टेटम यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत विकसित केली आणि १९८० मध्ये बॉइन व जेम्स यांनी तिच्यावरील लेख प्रसिद्ध केला. हाड अगदीच कमी असेल, तर दाणे भरल्यावर सहा ते नऊ महिने थांबून मग इम्प्लांट बसवतात. थोडेसेच वाढवायचे असेल, तर खिडकी न पाडता इम्प्लांटच्या छिद्रातूनच अस्तर तीन-चार मिलिमीटर उचलता येते.

अस्तर फाटणे ही यातील सर्वांत सामान्य गुंतागुंत आहे. लहान छिद्र पडद्याने झाकता येते, मोठे असेल तर शस्त्रक्रिया थांबवावी लागते. म्हणून सायनसला आधीच सूज किंवा संसर्ग असेल, तर प्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाणे योग्य. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे जोराने नाक शिंकरू नये, तोंड मिटून शिंकू नये, विमानप्रवास डॉक्टरांना विचारूनच करावा, असे सांगतात त्याचे कारण हेच नाजूक अस्तर.

जिथे रक्तच पोहोचत नाही

आता पुन्हा इंदूरच्या त्या रुग्णांकडे वळले, तर त्यांची अडचण किती मूलभूत होती, ते ध्यानात येते. म्युकरची बुरशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींत शिरते. आत गुठळी होते, रक्त थांबते आणि त्या वाहिनीवर जगणारे हाड मरते. टाळूवर दिसणारा काळा रंग मेलेल्या ऊतीचा असतो. मेलेल्या भागात रक्त जात नसल्याने तिथे अँफोटेरिसिन-बी हे औषधही पोहोचत नाही. म्हणून मेलेले सर्व हाड काढून टाकणे हाच त्या वेळी जीव वाचवण्याचा मार्ग होता.

जबडा काढल्यावर उरलेल्या पोकळीत दाणे भरून हाड तयार होईल का? नाही. कलम रुजायला चहूबाजूंनी भिंती आणि रक्त हवे. इथे दोन्ही नाही. म्हणून पहिला उपाय म्हणजे पोकळी बुजवणारी खास कवळी. तिला ‘ऑब्च्युरेटर’ म्हणतात. ती बसवली की पाणी नाकात जाणे थांबते, बोलणे स्पष्ट होते. पण तिला धरायला उरलेले दात हवेत. सगळेच दात गेले असतील, तर ती स्वतःच्या वजनाने खाली येते.

अशा वेळी गालाचे हाड कामी येते. डोळ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला असलेले हे हाड घट्ट असते आणि दात गेल्यावर जबड्यासारखे झिजत नाही. त्यात बसवायच्या लांब इम्प्लांटची कल्पना ब्रोनेमार्क यांचीच. कर्करोगाने वा इतर कारणांनी जबडा गमावलेल्या रुग्णांसाठी त्यांनी ती विकसित केली. या ‘झायगोमॅटिक’ इम्प्लांटची लांबी ३० पासून ५० मिलिमीटरच्याही पुढे असते. साध्या इम्प्लांटच्या तिप्पट-चौपट लांबीचे हे रोपण तोंडातून निघून सायनसच्या कडेने वर जाते आणि गालाच्या हाडात रुततो तो त्याचा वरचा भाग. दोन्ही बाजूंना एक किंवा दोन अशी रोपणे बसवून त्यांवर दातांची पूर्ण रांग उभी करता येते. हाड भरण्याची गरज राहत नाही. मात्र त्याचे टोक डोळ्याच्या खोबणीजवळून जाते. त्यामुळे ही शस्त्रक्रिया बहुधा पूर्ण भूल देऊन, विशेष प्रशिक्षण घेतलेल्या शल्यचिकित्सकाने करायची असते.

म्युकरच्या रुग्णांत आणखी एक अट असते. गालाचे हाडही बुरशीने पोखरलेले नाही ना, याची खात्री सीटी आणि एमआरआय तपासणीने करावी लागते. बुरशी पूर्णपणे गेली आहे आणि साखर ताब्यात आहे, हे कळेपर्यंत अनेक महिने थांबावे लागते. गालाचे हाडही गेले असेल, तर रुग्णाच्या कवटीच्या सीटी चित्रावरून त्याच्याच मापाचा टायटॅनियमचा सांगाडा छापून घेऊन तो उरलेल्या भक्कम हाडांना स्क्रूने जोडतात.

दुसरा मोठा मार्ग पायाच्या हाडाचा. पोटरीत दोन हाडे असतात. त्यांतले बाहेरचे बारीक हाड शरीराचा फारसा भार पेलत नाही. त्याचा तुकडा त्याच्या स्वतःच्या रक्तवाहिनीसह काढून जबड्याच्या जागी बसवतात आणि ती वाहिनी मानेतल्या वाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. अमेरिकेतील डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये या पद्धतीने खालचा जबडा घडवल्याचे प्रसिद्ध केले. तोंडाच्या कर्करोगात आज ती जगभर वापरली जाते. हे कलम आपले रक्त आपल्याबरोबर घेऊन येते, म्हणून जिथे दाणे रुजत नाहीत तिथेही ते जगते. पुढे त्याच हाडात इम्प्लांट बसवता येतात. मात्र शस्त्रक्रिया कित्येक तासांची असते आणि मधुमेहाने रक्तवाहिन्या खराब झालेल्या रुग्णात ती धोक्याचीही ठरते.

या पुनर्वसनासाठी एकटा दंतवैद्य पुरेसा नसतो. मुख शल्यचिकित्सक, कृत्रिम दात घडवणारे तज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ, मधुमेहतज्ज्ञ, वाचा-उपचारक अशी सर्वांची एकत्र बैठक लागते. इंदूरमध्ये एमवायच्या समोरच शासकीय दंत महाविद्यालय आहे, याचे महत्त्व अशा वेळी कळते. गोव्यातही बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि गोवा दंत महाविद्यालय शेजारी शेजारी आहेत. गुंतागुंतीच्या रुग्णाने खासगी दवाखान्यात निर्णय घेण्यापूर्वी अशा ठिकाणी दुसरे मत घेणे केव्हाही हिताचे.

गोव्याने हे का लक्षात घ्यावे

इंदूरच्या रुग्णांच्या आजारामागे उभा होता तो मधुमेह. या बाबतीत गोव्याची स्थिती निश्चिंत राहण्यासारखी नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत गोव्यातील मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के आढळले. देशाची सरासरी ११.४ टक्के असताना गोवा सर्व राज्यांत वर होता. म्हणजे गोव्यात इम्प्लांटसाठी येणाऱ्या प्रौढांपैकी अनेकांना मधुमेह असणार, आणि काहींना तो ठाऊकही नसणार.

मधुमेह असला म्हणजे इम्प्लांट करूच नये, असे नाही. साखर नियंत्रणात असेल तर निकाल चांगले येतात. पण तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी चाचणी शस्त्रक्रियेपूर्वी व्हायलाच हवी. ती ७ च्या आसपास असावी, निदान ८ च्या आत असावी, असा आग्रह अनेक डॉक्टर धरतात. साखर वाढलेली असताना लहान रक्तवाहिन्या कमकुवत होतात, जखम उशिरा भरते, जंतुसंसर्ग बळावतो. हाड भरण्याच्या शस्त्रक्रियेत ही जोखीम आणखी वाढते, कारण तिथे सारे काही नव्या रक्तवाहिन्यांवर अवलंबून असते.

धूम्रपानाचेही तसेच. तंबाखूचा धूर हिरडीतील वाहिन्या आकुंचित करतो, आणि धूम्रपान करणाऱ्यांत इम्प्लांट अयशस्वी होण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. गुटखा आणि सुपारीने तोंड कमी उघडत असेल, तर मागच्या दाढांपर्यंत उपकरणेच पोहोचत नाहीत. हाडे ठिसूळ होण्यावर झोलेड्रोनिक ॲसिडसारखी इंजेक्शने किंवा त्याच वर्गातील गोळ्या घेत असलेल्यांनी ती बाब डॉक्टरांना आवर्जून सांगावी. अशा औषधांनंतर जबड्यातील जखम न भरता हाड उघडे पडण्याचा दुर्मीळ पण त्रासदायक धोका असतो. जबड्यावर किरणोपचार झालेल्यांनाही हेच लागू आहे.

‘आठवड्याभरात दात’ आणि खर्च

गोव्यात परदेशी पाहुणेही दंतोपचारासाठी येतात आणि सुट्टीच्या मुक्कामातच दात मिळावेत अशी त्यांची अपेक्षा असते. त्याच दिवशी किंवा त्याच आठवड्यात दात देणे काही रुग्णांत शक्य आहे. पोर्तुगालमधील पाउलो मालो यांनी २००३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत संपूर्ण जबड्यासाठी चारच इम्प्लांट वापरतात. मागची दोन तिरकी बसवून सायनस किंवा नस टाळतात आणि लगेच तात्पुरते दात देतात. पण त्यासाठी हाड घट्ट हवे आणि बसवतानाच पकड पक्की मिळायला हवी. शिवाय पहिले दात तात्पुरतेच असतात. कायमचे दात काही महिन्यांनीच येतात. जिथे हाड भरावे लागते, तिथे संपूर्ण प्रवास नऊ महिन्यांपासून वर्षभराचा धरून चालावे.

खर्चही आधी समजून घ्यावा. खासगी दवाखान्यात एका दाताच्या इम्प्लांटचा खर्च साधारणपणे पंचवीस-तीस हजार रुपयांच्या पुढे असतो. हाड भरणे, पडदा, सीटी आणि टोपी यांचे आकार वेगळे लागतात. बऱ्याच आरोग्य विमा योजनांत अपघाताखेरीजचे दंतोपचार वगळलेले असतात. त्यामुळे एकूण खर्चाचे लेखी अंदाजपत्रक, कोणता टप्पा कधी आणि अपयश आल्यास पुढे काय, हे सुरुवातीलाच मागून घ्यावे. बसवलेल्या इम्प्लांटची कंपनी, माप आणि क्रमांक यांची चिकटपट्टी आपल्या कागदपत्रांत जपून ठेवावी. दहा वर्षांनी दुसऱ्या गावी स्क्रू सैल झाला, तर त्या चिकटपट्टीवाचून योग्य सुटा भाग मिळणे कठीण होते.

नीट निवडलेल्या रुग्णांत दहा वर्षांनंतरही दहापैकी नऊहून अधिक इम्प्लांट टिकलेले असतात. उरलेल्यांच्या अपयशाचे मोठे कारण अस्वच्छता हे असते. इम्प्लांटला कीड लागत नाही. पण त्याच्याभोवतीच्या हिरडीला सूज येते आणि ती हाडापर्यंत उतरली की मोठ्या कष्टाने मिळवलेले हाड निमूटपणे झिजत जाते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. दिवसातून दोनदा दात घासणे, फटींतील बारीक ब्रश वापरणे आणि दर सहा महिन्यांनी तपासणी करणे हा उपचाराचाच भाग आहे.

सर्वांत स्वस्त अस्थिरोपण मात्र वेगळेच आहे. दात काढावाच लागणार असेल, तर काढण्याच्या दिवशीच खळगीत दाणे भरून वर पडदा टाकता येतो. याने झीज पूर्ण थांबत नाही, पण बरीच कमी होते, आणि पुढची मोठी शस्त्रक्रिया पुष्कळदा टळते. म्हणून दात काढण्यासाठी खुर्चीत बसण्याआधी ‘या जागी पुढे इम्प्लांट करायचे झाले, तर आज काय करता येईल?’ असे डॉक्टरांना विचारावे. आणि ज्याला मधुमेह आहे, त्याच्या वरच्या दाढा कारण नसताना हलू लागल्या, गाल बधिर झाला किंवा टाळूवर काळपट डाग दिसला, तर त्याने दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. २०२१ मध्ये इंदूरला ज्यांना हे वेळेवर उमगले, त्यांचा जबडा वाचण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक होती.